औरंगाबादचे पुरे : स्थलांतरित लष्करी कुटुंबांच्या वसाहतीचा आर्थिक पाया

छत्रपती संभाजीनगर या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहराच्या नकाशावर जयसिंगपुरा, करणपुरा, पद्मपुरा, केसरसिंगपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा अशी नावे ओळीने आढळतात. लोकपरंपरा या शहराला बावन्न दरवाजांचे आणि बावन्न पुऱ्यांचे शहर म्हणते. ही संख्या अक्षरशः घेण्याचे कारण नाही. परंतु पुऱ्यांच्या नावांत उत्तरेकडील राजपूत घराण्यांची नावे इतक्या संख्येने यावीत, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगी आहे. आंबेर, बिकानेर, बुंदी आणि बुंदेलखंड येथील सरदार मोगल पातशाहीच्या नोकरीत दक्षिणेत आले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मात्र ते एकटे आले नाहीत. त्यांच्याबरोबर स्वार, प्यादे, मोतद्दार, कारकून, भाट, पुरोहित आणि पुष्कळदा बायकामुलेही आली. महिन्यांचा मुक्काम वर्षांचा झाला आणि वर्षांचा पिढ्यांचा. या माणसांना घरे कोणी दिली, त्यांच्या निर्वाहाचा खर्च कोणी सोसला, आणि सरदार निवर्तल्यावर त्यांच्या मागे काय राहिले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हे प्रश्न केवळ स्थानिक कुतूहलाचे नाहीत. शिपायाला आपल्या मुलखापासून दूर नेणाऱ्या प्रत्येक राज्यसत्तेपुढे त्याच्या कुटुंबाचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी राज्याने रोख मदत द्यावी, जमीन द्यावी, की तो भार सरदारावर सोपवावा, या तीन मार्गांपैकी कोणता मार्ग पत्करला जातो, यावर त्या वसाहतीचे पुढील आयुष्य अवलंबून असते. औरंगाबादचे पुरे या दृष्टीने एक मोठे बोलके उदाहरण आहेत.

१. छावणीपासून शहरापर्यंत

मलिक अंबराने इ. स. १६१० मध्ये खडकी येथे निजामशाहीची राजधानी वसविली. त्याच्या मृत्यूनंतर १६२६ मध्ये त्याचा पुत्र फत्तेखान याने तिला फत्तेनगर हे नाव दिले. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, आणि त्याबरोबर हे शहरही त्यांच्याकडे गेले. शाहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आल्यावर १६५३ मध्ये त्याने येथे आपले ठाणे केले व शहरास औरंगाबाद हे नाव मिळाले. विजापूर आणि गोवळकोंडा या दोन सत्तांशी चाललेली तेढ, आणि लवकरच शिवाजी महाराजांच्या उदयाने निर्माण झालेली नवी परिस्थिती, यांमुळे येथे मोठी फौज कायम ठेवणे मोगलांना भाग पडले. अशा रीतीने औरंगाबाद ही सुभ्याची राजधानी असतानाच अर्धशतकभर एक विशाल छावणीही होती.

या छावणीतील जीवनाची कल्पना भीमसेन सक्सेना याच्या ‘तारीख-इ-दिलकशा’ या फारसी ग्रंथावरून येते. बुऱ्हाणपुरात १६४९ मध्ये जन्मलेला हा कायस्थ लेखक बालपणीच आपल्या कुटुंबाबरोबर औरंगाबादेस आला. त्याचा पिता तोफखान्याच्या हिशेबखात्यात होता. तो स्वतः पुढे दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहिला. म्हणजे ज्या वर्गाचा येथे विचार करावयाचा आहे त्याच वर्गात त्याचे आयुष्य गेले. या ग्रंथाचे सर जदुनाथ सरकार यांनी केलेले इंग्रजी भाषांतर वि. गो. खोबरेकर यांनी संपादून १९७२ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागातर्फे प्रसिद्ध झाले. दुसरे साधन म्हणजे मोगलांच्या दक्षिणेकडील दप्तरातील कागद. हैदराबादच्या दप्तरखान्याने शाहजहानच्या कारकीर्दीतील निवडक कागद १९५० मध्ये व औरंगजेबाच्या कारकीर्दीतील १९५८ मध्ये युसुफ हुसेन खान यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध केले. तिसरे साधन ‘मआसिर-उल-उमरा’ हा मोगल अमीरांचा चरित्रकोश होय. त्याचा कर्ता शाहनवाज खान अठराव्या शतकात औरंगाबादेतच राहत असल्याने या शहराशी संबंधित सरदारांविषयीची त्याची माहिती जवळून मिळालेली आहे.

२. वेतन, सवलत आणि कर्ज

मोगल मनसबदाराला ‘जात’ आणि ‘स्वार’ असे दोन दर्जे असत. जातीच्या दर्जावरून त्याचे वैयक्तिक वेतन ठरे. स्वाराच्या दर्जावरून त्याने बाळगावयाच्या पथकाचा खर्च मिळे. पथकासाठी दर स्वारामागे वर्षास ८,००० दाम, म्हणजे चाळीस दामांचा रुपया धरून २०० रुपये, असा सर्वसाधारण दर होता. हे वेतन बहुधा रोख न मिळता जहागिरीच्या रूपाने मिळे. म्हणजे ठराविक परगण्यांतील सरकारी वसूल मनसबदाराच्या नावे लावून दिला जाई. अशी तनखा जहागीर साधारणपणे तीनचार वर्षांनी बदलत असे. राजपूत राजांची स्वतःची वडिलोपार्जित संस्थाने मात्र ‘वतन जहागीर’ या सदराखाली त्यांच्या घराण्याकडेच राहत.

या रचनेत शिपायाच्या कुटुंबासाठी वेगळे खाते नव्हते. तरीसुद्धा परमुलखी नेमणुकीचा जादा खर्च राज्यकर्त्यांच्या ध्यानात आलेला होता, हे शाहजहानच्या एका नियमावरून दिसते. मनसबदाराची जहागीर ज्या सुभ्यात असेल त्याच सुभ्यात त्याची नेमणूक असल्यास त्याने आपल्या स्वार-दर्जाच्या एक तृतीयांश इतके स्वार प्रत्यक्ष हजर करावेत. नेमणूक हिंदुस्थानातील दुसऱ्या सुभ्यात असल्यास एक चतुर्थांश. आणि बल्ख-बदक्शानच्या मोहिमेत एक पंचमांश, असा तो नियम होता. एक हजार स्वारांचा दर्जा असलेल्या सरदाराचे उदाहरण घेतल्यास त्याचा अर्थ स्पष्ट होतो. पथकाबद्दलचे त्याचे वार्षिक वेतन कागदोपत्री दोन लक्ष रुपये. आपल्या सुभ्यात त्याला सुमारे ३३३ स्वार ठेवावे लागत, म्हणजे प्रत्येक स्वारामागे ६०० रुपये पडत. तोच सरदार दक्षिणेत आला आणि त्याची जहागीर उत्तरेत राहिली, तर २५० स्वार पुरत व स्वारामागे ८०० रुपये उपलब्ध होत. बल्खच्या मोहिमेत हाच आकडा १,००० रुपयांवर जाई. स्थलांतराबद्दलचे अनुदान असे नाव त्याला कोणी दिले नाही. परंतु स्थलांतरामुळे वाढणारा खर्च भरून काढण्याची ती सरकारी तजवीजच होती. वेतन न वाढवता जबाबदारी कमी करावयाची, ही तिची पद्धत होय.

दुसरी तजवीज ‘मुसाअदत’ या नावाने ओळखली जाणाऱ्या सरकारी कर्जाची. ‘आईन-इ-अकबरी’त तिचे नियम दिलेले आहेत. नोकरीच्या खर्चासाठी सरदाराला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून खजिन्यातून रक्कम उचल देत. पहिल्या वर्षी मुद्दलावर काही वाढ नसे. दुसऱ्या वर्षी सोळावा हिस्सा, तिसऱ्या वर्षी आठवा, चौथ्या वर्षी चौथा, पाचव्यापासून सातव्यापर्यंत निम्मा, आठव्यापासून दहाव्यापर्यंत पाऊण, आणि दहा वर्षांनंतर दुप्पट रक्कम परत करावी लागे. प्रारंभी सवलतीचे वाटणारे हे कर्ज लांबणीवर पडले की जड होई. सरकारी येणे ‘मुतालबा’ या नावाने सरदाराच्या खाती साचत राही, आणि तो मरण पावला म्हणजे त्याच्या मालमत्तेतून ते प्रथम वसूल होई. म्हणजे घरासाठी घेतलेल्या उचलीचा हिशेब नेमका घरावर संकट कोसळले असता पुरा केला जाई.

कागदावरील वेतन आणि हाती येणारे वेतन यांत दक्षिणेत मोठे अंतर होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. १६३० ते १६३२ या काळातील भीषण दुष्काळाने आणि सततच्या लढायांनी हा मुलूख उजाड झाला होता. औरंगजेब दुसऱ्यांदा सुभेदार होऊन आला त्या सुमारास दक्षिणच्या चार सुभ्यांची आकारणी, म्हणजे ‘जमा’, तीन कोटी बासष्ट लक्ष रुपये होती. प्रत्यक्ष वसूल, म्हणजे ‘हासिल’, सुमारे एक कोटीचा होता. ज्यांच्या जहागिरी दक्षिणेत लावून दिल्या होत्या त्यांना त्यामुळे वर्षाचे वेतन चारसहा महिन्यांच्या मोलाचे पडे. या तुटीची नोंद ‘माहवार’ पद्धतीने, म्हणजे जहागीर किती महिन्यांच्या वेतनाइतकी उत्पन्न देते त्या मानाने, करीत आणि पथकाची संख्याही त्याप्रमाणे कमी करीत. औरंगजेबाने आपल्या पित्याला लिहिलेल्या पत्रांतून या अडचणीची तक्रार पुन्हा पुन्हा येते. मुर्शिद कुली खानाने जमिनीची पाहणी करून, बी-बियाण्यासाठी व बैलांसाठी तगाई देऊन लागवड वाढविण्याचा जो उद्योग केला, त्याचे एक प्रयोजन शिपाईपेशाच्या या भुकेल्या वेतनाला आधार देणे हेही होते. शिपायाचे घर शेवटी रयतेच्या नांगरावर उभे होते, हे या प्रकरणावरून चांगले दिसते.

३. जमीन मिळाली त्यांचे पुरे

वेतनातून घोडा आणि पोट चालत असे. वस्तीसाठी जमीन लागते. शहराच्या तटाबाहेर, मुख्यत्वे पश्चिम व वायव्य बाजूंना, मोठ्या सरदारांनी आपापले तळ दिले व त्यांचे पुरे बनले. तळ देणे आणि पुरा वसविणे यांतील फरक जमिनीवरील हक्काचा आहे. तळ मोहिमेपुरता असतो. पुऱ्यात बाजार भरतो, विहीर खणली जाते, देऊळ बांधले जाते, आणि या सर्वांसाठी जागेवर टिकाऊ स्वामित्व असावे लागते.

मिर्झाराजा जयसिंग १६६५ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आला. त्याचा दक्षिणेतील मुक्काम अल्प ठरला. १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात त्याचा अंत झाला. तरीही त्याच्या नावाचा पुरा बेगमपुऱ्याशेजारी उभा राहिला. याचे कारण आंबेरच्या कछवाह घराण्याच्या दूरदृष्टीच्या धोरणात आहे. मोगल साम्राज्यात जेथे जेथे या घराण्याची नेमणूक होई त्या प्रमुख शहरांत ते आपल्या मालकीची जमीन संपादन करीत. दिल्ली, आग्रा, बुऱ्हाणपूर अशा ठिकाणी जयसिंगपुरे निर्माण झाले. जयपूरच्या ‘कपडद्वारा’ संग्रहातील फर्माने, सनदा व नकाशे यांवरून या मिळकती घराण्याने किती काळजीपूर्वक जपल्या हे कळते. दिल्लीच्या जयसिंगपुऱ्यातच सवाई जयसिंगाने १७२४ च्या सुमारास जंतरमंतर उभारले. राजा बदलला, सुभा बदलला, तरी जागा घराण्याची राही. पुढच्या पिढीतील शिपायाला परक्या शहरातही आपल्या भाषेची वस्ती सापडे.

बिकानेरच्या घराण्याचा औरंगाबादशी संबंध याहून दीर्घ आणि अधिक करुण आहे. राजा करणसिंह शाहजहानच्या काळापासून दक्षिणेत होता. १६४९ च्या सुमारास त्याच्याकडे दौलताबादची किल्लेदारी आली; त्या वेळी त्याचा दर्जा दोन हजार जात व दोन हजार स्वार असा होता. औरंगजेबाच्या सुभेदारीत त्याने जव्हारच्या स्वारीत भाग घेतला. वारसायुद्धाच्या प्रसंगी तो परवानगीवाचून बिकानेरला निघून गेला, त्यामुळे औरंगजेबाचा रोष ओढवला. १६६० मध्ये त्याच्यावर फौज धाडण्यात आली. तो शरण आल्यावर त्याला पुन्हा दक्षिणेत पाठविण्यात आले. पुढे तो दुसऱ्यांदा गैरमर्जीस पात्र झाला, आणि १६६७ मध्ये बिकानेरची गादी त्याचा पुत्र अनूपसिंह याला देण्यात आली. राज्य हातचे गेल्यावर करणसिंहाने उरलेले दिवस औरंगाबादेत, आपल्याच नावाच्या पुऱ्यात काढले. तेथेच १६६९ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

वतन गेले तरी राहावयास पुरा उरला, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सरदाराचा दर्जा, जहागीर आणि गादी ही तिन्ही पातशहाच्या मर्जीवर होती. तटाबाहेरचा जमिनीचा तुकडा त्या मानाने स्थिर ठरला. करणसिंहाचा पुत्र पद्मसिंह याच्या नावाने पद्मपुरा आणि केसरीसिंहाच्या नावाने केसरसिंगपुरा वसला. तिसरा पुत्र मोहनसिंह औरंगाबादेत शाहजादा मुअज्जमच्या दरबारी एका हरणावरून उद्भवलेल्या भांडणात मारला गेला व पद्मसिंहाने तेथल्या तेथे त्याचा सूड घेतला, ही कथा राजस्थानच्या परंपरेत प्रसिद्ध आहे. स्वतः पद्मसिंह १६८३ मध्ये मराठ्यांशी लढताना पडला. अनूपसिंहाचे आयुष्यही दक्षिणेतच सरले. १६९८ मध्ये आदवनी येथे त्याचा अंत झाला. त्याने दक्षिणेतील स्वाऱ्यांच्या काळात जमविलेल्या संस्कृत हस्तलिखितांवर बिकानेरचा सुविख्यात ग्रंथसंग्रह उभा आहे. दोन पिढ्यांतील हे पुरुष मरुभूमीपेक्षा गोदावरीच्या खोऱ्यात अधिक काळ राहिले. करणपुऱ्यातील देवीचे मंदिर करणसिंहाने बांधले असे परंपरा सांगते. तेथील नवरात्राची यात्रा आजही सर्व शहराची यात्रा आहे.

बुंदीचा राव भावसिंह हाडा हाही दीर्घकाळ औरंगाबादेत होता व त्याच्या अखेरच्या वर्षांचा संबंध याच शहराशी आहे. भावसिंगपुरा त्याचे नाव टिकवून आहे. शहराच्या उत्तरेस लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याकडील पहाडसिंगपुरा बुंदेल्यांच्या पहाडसिंहाचे नाव सांगतो.

४. नावाचा पुरा आणि निनावी शिपाई

पुऱ्यांना सरदारांची नावे मिळाली. त्यांत राहणारे शेकडो लोक निनावी राहिले. पातशाही दप्तराला साधा स्वार ओळखू येई तो मुख्यतः दोन खुणांनी : घोड्यावरील डाग आणि हजेरीपटावरील चेहऱ्याचे वर्णन. त्याची बायको, मुले, म्हातारी आई यांची दखल दप्तर घेत नसे. स्वाराचा करार सरदाराशी होता. वेतन तोच देई, चुकवीही तोच. मनसबदार मेला तर त्याच्या मुलांना खानाजाद, म्हणजे घरचे जुने चाकर, म्हणून लहानसहान मनसब मिळण्याची आशा असे. त्याच्या पथकातील शिपाई पडला तर त्याच्या विधवेने सरदाराच्या दाराकडे पाहावयाचे. सरदारही पडला तर दोन्ही दारे बंद होत.

धर्मादाय स्वरूपाच्या ‘मदद-इ-मआश’ जमिनी विद्वान, फकीर, सय्यद आणि निराधार स्त्रिया यांना मिळत. औरंगजेबाने १६९० मध्ये या जमिनी वंशपरंपरेने चालवाव्यात असा हुकूम काढला. परंतु ही तरतूद नोकरीबद्दलची नव्हती, तिच्यावर शिपायाचा हक्क नव्हता. धर्मार्थ दिलेली जमीन वारसाकडे जावी आणि रणात पडलेल्याच्या वारसाला मात्र काही मिळण्याची निश्चिती नसावी, असा विसंगत परिणाम त्यातून घडला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ही व्यवस्था पूर्णपणे कोलमडली. विजापूर १६८६ मध्ये व गोवळकोंडा १६८७ मध्ये मोगलांकडे गेल्यावर तेथील सरदारांना, तसेच फितवून आणलेल्या मराठा सरदारांना, मनसबी देण्यात आल्या. देण्यासाठी जहागिरी मात्र उरल्या नाहीत. नेमणूक झालेली आहे पण जहागीर नाही, अशा स्थितीत मनसबदार वर्षानुवर्षे तिष्ठत राहिले. भीमसेनाने या अवस्थेचे मार्मिक वर्णन केले आहे. पुढील वर्षी जहागीर आपल्याकडे राहील याची खात्री नसल्याने जहागीरदार रयतेची काळजी करीत नाही. तो अंमलदाराकडून आगाऊ रक्कम घेऊन त्याला परगण्यावर पाठवितो. अधिक रक्कम देणारा दुसरा कोणी येऊन आपल्याला हटवील या धास्तीने तो अंमलदार निर्दयपणे वसूल करतो, असा त्याचा आशय आहे. नेमणुकीची अस्थिरता अशी क्रमाने सरदाराकडून अंमलदाराकडे, अंमलदाराकडून कुळाकडे आणि उलट फिरून शिपायाच्या चुलीकडे पोहोचली.

तटाबाहेरच्या वस्तीवर आणखी एक संकट होते. जानेवारी १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरचा बहादुरपुरा लुटला, आणि मराठी फौजांची चाल औरंगाबादच्या परिसरापर्यंत आली. पुरे तटाबाहेर असण्याचा धोका उघड झाला. औरंगाबादचा तट त्यानंतर लवकरच, औरंगजेब स्वतः १६८२ मध्ये येथे आला त्या सुमारास बांधला गेला. मुख्य शहर तटात आले. बहुतेक राजपूत पुरे बाहेरच राहिले.

५. मराठी राज्यातील निराळा मार्ग

याच काळात याच प्रदेशात दुसरी एक पद्धत प्रचारात होती. तिच्याशी तुलना केली असता मोगल पद्धतीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे १६९७ च्या सुमारास पुरी केलेल्या बखरीत १६५९ च्या अफजलखान प्रसंगानंतरच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे. पडलेल्या लोकांना पुत्र असल्यास त्यांना चाकरीत घ्यावे, पुत्र नसल्यास त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालवावे, आणि जखमींना जखमेच्या मानाप्रमाणे पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम द्यावी, असे त्यात सांगितले आहे. बखर घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली असल्याने आकड्यांचा आग्रह धरता येत नाही. परंतु तत्त्व नि:संदिग्ध आहे. येथे राज्य आणि शिपायाची विधवा यांचा संबंध थेट आहे, मध्ये सरदार नाही. आणि मदत जमिनीच्या नव्हे, रोख वेतनाच्या रूपात आहे.

पेशवाईत हे तत्त्व निराळ्या स्वरूपात पुढे आले. लढाईत कामी आलेल्या माणसाच्या अज्ञान मुलांच्या संगोपनासाठी ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक किंवा जमीन चालविल्याचे दाखले पेशवे दप्तरात आढळतात. सरंजामी पद्धत वाढल्याने शिपाई आणि राज्य यांच्या मध्ये सरदार पुन्हा आला खरा. तथापि पडलेल्याचे मूल हा राज्याच्या हिशेबातील एक विषय आहे, ही जाणीव टिकून राहिली. अर्थात या दोन पद्धतींची परिस्थिती भिन्न होती, हे विसरून चालणार नाही. मराठी शिपाई बहुधा पावसाळ्यात आपल्या गावी परतत असे. त्याचे कुटुंब गावातच राही, त्याला नवे घर लागत नसे. बिकानेरच्या स्वाराला औरंगाबादेत घर हवे होते. एकाला पोटगी पुरेशी होती, दुसऱ्याला जागा आवश्यक होती.

६. पुऱ्यांची उत्तरगती

१७२४ नंतर निजाम-उल-मुल्काने दक्षिणेत आपली सत्ता स्थिर केली तेव्हा प्रारंभी औरंगाबाद हेच तिचे केंद्र होते. निजाम अलीच्या काळात दरबार हैदराबादला गेला आणि शहराला उतरती कळा लागली. फौज नाही तेथे फौजेच्या वस्तीला आधार नाही. सरदारांची पथके परतली किंवा विखुरली. पुऱ्यांतील पुष्कळ वाडे ओस पडले. परंतु जमिनीचा हक्क ज्यांनी राखला होता त्यांचा संबंध तुटला नाही. बिकानेरच्या दरबाराकडे औरंगाबादजवळच्या या पुऱ्यांची मालकी विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत राहिली.

तिचा शेवटही लष्करी कारणानेच झाला. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड लावून दिला होता. औरंगाबाद हे तिच्या ठाण्यांपैकी एक होते. १८५७ च्या जूनमध्ये येथील घोडदळात उठावाची ठिणगी पडली होती. १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन करण्यात आली. १९०४ मध्ये छावणीच्या कामासाठी इंग्रज सरकारने बिकानेरकडून हे पुरे घेतले आणि मोबदल्यात पंजाबच्या हिसार जिल्ह्यातील बाबलवास व रत्ताखेडा ही दोन गावे व रोख रक्कम दिली. मोगल फौजेच्या कुटुंबांसाठी निर्माण झालेली जमीन अशा रीतीने अडीचशे वर्षांनी दुसऱ्या साम्राज्याच्या फौजेकडे गेली. दिल्लीचा जयसिंगपुराही थोड्याच वर्षांत, १९११ नंतर, नव्या राजधानीच्या बांधकामात अंतर्धान पावला. दोन्ही ठिकाणी मोबदला मालक घराण्याला मिळाला. पुऱ्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचा हक्क हा या व्यवहाराचा विषयच नव्हता. सतराव्या शतकात जे सरदाराच्या नावावर लिहिले गेले, त्याचा लाभ विसाव्या शतकातही त्याच्याच वारसाकडे गेला.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दूरच्या नेमणुकीमुळे पडणारा जादा भार मोगल राज्याला माहीत होता व त्याने तो हलका करण्याची तजवीज केली. परंतु ती सवलत आणि कर्ज या रूपात सरदाराला दिली, कुटुंबाला दिली नाही. दुसरा असा की, वस्ती टिकली ती वेतनाच्या आकड्यावर नव्हे. बदलणाऱ्या जहागिरीवर उभी असलेली वस्ती जहागिरीबरोबर विरली, आणि ज्या जमिनीचा हक्क वंशपरंपरेने चालला तेथे पुरा, देऊळ आणि नाव उरले. तिसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. मदत कोणाच्या नावे लिहिली जाते, या एका गोष्टीवर तिचा अंतिम लाभधारी ठरतो. सभासदाने वर्णिलेल्या व्यवस्थेत विधवेचे नाव पटावर येते. मोगल व्यवस्थेत ते येत नाही. म्हणून पहिलीत घर मागे उरले नाही तरी माणूस उरतो, आणि दुसरीत पुरा उरतो पण त्यातील माणूस हरवतो.

स्वतंत्र भारतात बदली झालेल्या सैनिकाला प्रवासखर्च व वेतनाच्या प्रमाणात स्थानांतराचे अनुदान मिळते. वीरपत्नीला निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळून सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी उभारला जातो. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून सैनिक कल्याण कार्यालये आहेत. या सर्व तरतुदींचा विशेष हा की त्यांत सैनिकाचे व त्याच्या पत्नीचे नाव राज्याच्या दप्तरात प्रत्यक्ष नोंदलेले असते. औरंगाबादच्या पुऱ्यांचा इतिहास वाचल्यानंतर या साध्या नोंदीचे मोल कळते. करणपुरा आणि पद्मपुरा ही नावे साडेतीनशे वर्षे टिकली; त्या पुऱ्यांत चुली पेटविणाऱ्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव कोणत्या दप्तराने टिपून ठेवले नाही. नगराच्या इतिहासात सरदारांच्या चरित्राइतकेच या अनुल्लेखालाही स्थान दिले पाहिजे.